विश्रांती (मल्लविद्या व बलसंवर्धन)

स्नायूंवर पुरेसा ताण देणाऱ्या व्यायामानंतर झालेली झीज भरून येण्यास आणि स्नायूंचे आकारमान व बळ वाढण्यास लागणारा काळ, तसेच त्या काळातील झोप, खुराक, मालिश इत्यादींची व्यवस्था, यांना मिळून या नोंदीत ‘विश्रांती’ म्हटले आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील तालमींत बोलताना भर मेहनत आणि खुराक यांवरच असतो; विश्रांती दिनक्रमात मुरलेली असल्यामुळे तिचा वेगळा उच्चार क्वचितच होतो.

भारतीय ग्रंथपरंपरेत या विषयाची सर्वांत स्पष्ट मांडणी आयुर्वेदाच्या संहितांत ‘अर्धशक्ती’ या कल्पनेच्या रूपाने आढळते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायाम स्वतःच्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच करावा, एरवी तो घातक ठरतो, असे सांगून त्या अर्ध्याची खूणही दिली आहे : हृदयस्थानीचा वायू तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे माणसाला धाप लागली, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. या संहितेचा काळ वादग्रस्त असून तिचा गाभा इसवी सनापूर्वीचा आणि उपलब्ध पाठ नंतरच्या संस्करणाचा असावा, असे सामान्यतः मानले जाते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (सुमारे ७ वे शतक) हीच मर्यादा बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांना, आणि तीही थंडीत व वसंतात, घालून दिली आहे. इतर ऋतूंत व्यायाम त्याहून हलका असावा. अतिरेक करणारा माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा दृष्टान्तही तेथलाच. उत्तरकालीन ग्रंथांत काख, कपाळ, नाक व सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड ही लक्षणे जोडली गेली. दोन्ही खुणा नेहमी जुळत नाहीत. जत-आटपाडीकडच्या चैत्रातल्या उकाड्यात थोड्याशा बैठकांतच अंग निथळू लागते, तर महाबळेश्वरच्या थंडीत बराच वेळ घाम फुटत नाही. त्यामुळे सुश्रुताची श्वासाची खूण अधिक ग्राह्य वाटते.

अर्धशक्तीत आजच्या विश्रांतिविचाराचे मूळ शोधण्याचा मोह होतो. परंतु हा दंडक मुख्यतः आरोग्यासाठी नित्य व्यायाम करणाऱ्याला उद्देशून आहे. मल्लाची मेहनत धाप लागल्यावर थांबत नाही. व्यायामानंतर सर्वांग सुख वाटेल असे चोळावे, हे त्याच अध्यायातील सांगणे आणि श्रमाने थकलेल्यांना दिवसा झोपण्याची सुश्रुताने दिलेली मुभा, यांचे तालमीच्या रिवाजाशी असलेले नाते मात्र उघड आहे.

ताणाच्या व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मितीचा वेग साधारणपणे एक ते दोन दिवस वाढलेला राहतो. मुरलेल्या पैलवानात हा काळ नवशिक्यापेक्षा आखूड असतो. याच अवधीत, पुरेसे प्रथिन पोटात गेले तर, स्नायूतंतू भरतात. इजा झालेल्या तंतूंच्या दुरुस्तीत जीवभौतिकज्ञ अलेक्झांडर मौरो यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या उपग्रह पेशी, म्हणजे तंतूंना चिकटून असणाऱ्या राखीव पेशी, भाग घेतात. अंग आंबणे म्हणजे लॅक्टिक आम्ल साचणे, हा समज अजून टिकून असला तरी बरोबर नाही. ते आम्ल तासाभरात निघून जाते, तर ठणका २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच त्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म इजेशी जोडला होता. झोपेविषयी असे म्हणता येते, की गाढ झोपेत वृद्धी-संप्रेरक अधिक स्रवते हे खरे असले, तरी प्रौढांच्या स्नायूवाढीत त्याचा प्रत्यक्ष वाटा शंकास्पद आहे. मात्र एका रात्रीच्या जागरणानेही प्रथिननिर्मिती मंदावल्याचे मोजमापांत दिसले आहे.

थकव्यानंतर शरीर पूर्वपातळी ओलांडून वर जाते, या ‘अतिपूर्ती’च्या सिद्धान्ताचे जनकत्व बहुधा सोव्हिएट जीवरसायनज्ञ निकोलाय याकोव्हलेव यांना दिले जाते, काही लेखक ते हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या तणावविषयक मांडणीपर्यंत मागे नेतात. स्नायूंतील ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या शर्करेच्या) साठ्यापुरता हा सिद्धान्त पटण्याजोगा आहे, परंतु स्नायूंच्या आकारमानाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तंदुरुस्ती आणि थकवा हे दोन स्वतंत्र प्रवाह मानणारे १९७० च्या दशकातील प्रतिरूप (मॉडेल) अधिक समाधानकारक वाटते.

गोळेश्वरचे (ता. कराड) खाशाबा जाधव, पुनवतचे (ता. शिराळा) गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे (ता. मिरज) मारुती माने या मल्लांच्या मुलखात तालमीचा दिवस पहाटेची मेहनत, दुपारची झोप आणि संध्याकाळची मेहनत असा विभागलेला असतो. लढत सुटली की पठ्ठा हौद्याच्या कडेला बसून ताक, तेल, हळद मुरलेली तांबडी माती अंगाला चोळतो; घाम टिपला जातो, श्वास खाली बसतो आणि माती वाळून गळू लागली की तो अंघोळीला उठतो. मग धाकटा पैलवान थोरल्याच्या मांड्या-पोटऱ्या रगडतो. अशा मालिशने ठणका काहीसा कमी होतो. स्नायू वाढल्याचा पुरावा नाही.

दोन लढतींमधील विश्रांतीचे मोल खाशाबांच्या कारकिर्दीत ठळकपणे दिसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. प्रचलित वृत्तांतानुसार जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएट मल्ल रशीद मम्मदबेयोव यांच्यासमोर उभे केले गेले; नियमाप्रमाणे मिळणारी किमान ३० मिनिटांची उसंत मागून घेण्यास तेथे भारतीय अधिकारी हजर नव्हता. हा वृत्तांत बराचसा नंतरच्या कथनांवर आधारलेला आहे, तरी त्यातील अन्याय लहान ठरत नाही.

जत्रांच्या हंगामात लागोपाठच्या मैदानांमुळे आणि रात्रीच्या प्रवासामुळे ही घडी विस्कटते. साखर कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी जिममध्ये वजने उचलणाऱ्या तरुणांचेही तेच होते. एकाच स्नायूगटाला जोराच्या मेहनतीनंतर सुमारे ४८ तास मोकळीक द्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आठवडाभराच्या खंडाने कमावलेले बळ फारसे घटत नाही, हे वस्तादांनी मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. भूक मंदावणे, झोप मोडणे, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असणे आणि नेहमीचे जोर जड जाणे ही अतिश्रमाची लक्षणे होत. अतिमेहनतीनंतर लघवी चहासारखी गडद झाल्यास स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर भार आल्याची शक्यता असते. अशा वेळी मालिश न करता रुग्णालय गाठावे लागते.