लांब पल्ल्याचे विद्युत मालट्रक

लांब पल्ल्याचे विद्युत मालट्रक : डिझेल इंजिनाऐवजी बॅटरीतल्या विजेवर चालणारी, एकूण वजन १२ टनांहून जास्त असलेली आणि एका खेपेत काहीशे किलोमीटर माल नेणारी वाहने. भारतीय रस्त्यांवर भरलेल्या ट्रेलरला, म्हणजे पुढचा घोडा, मागची गाडी आणि माल मिळून, ५५ टनांची कमाल मर्यादा आहे. २०१८ साली केंद्राने अ‍ॅक्सलवरील वजनाचे नियम सैल केले, तेव्हापासूनची ही मर्यादा. या नोंदीत इंदूर–मुंबई मार्ग उदाहरणादाखल घेतला आहे. विजेच्या ट्रकची जवळजवळ प्रत्येक अडचण आणि सोय या सुमारे ५८५ किमी रस्त्यावर कुठे ना कुठे भेटते.

हाच तो जुना आग्रा–मुंबई रस्ता. इंदुरात त्याला ‘एबी रोड’ म्हणतात, तर धुळे-नाशकात ‘आग्रा रोड’. होळकरांच्या काळापासून याच वाटेने वर आलेली मराठी घराणी इंदुरात आहेत. इंदूरलगतच्या औद्योगिक पीथमपूरची औषधे आणि वाहनांचे सुटे भाग, माळव्याची सोयाबीन पेंड असा माल आज याच वाटेने खाली बंदराकडे जातो.

रचना : घोड्याच्या सांगाड्यावर, दोन्ही बाजूंना किंवा केबिनच्या मागे, बॅटरीचे संच बसवतात. भारतात आणि चीनमध्ये जड ट्रकसाठी बहुतेक लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी वापरली जाते. वजनाच्या मानाने ती वीज थोडी कमी साठवते, पण उष्णता जास्त सोसते, सहजासहजी पेट घेत नाही आणि हजारो वेळा भरता येते. माळव्याच्या मे महिन्यात ही निवड शहाणपणाची ठरते. संचाचा दाब ६०० ते ८०० व्होल्टच्या घरात असतो. त्यामुळे ट्रान्सपोर्ट नगरातल्या मिस्त्रीने पाना घेऊन गाडीखाली शिरायचे आणि अंदाजाने दोष काढायचा, हे इथे चालत नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नसतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. भरलेला ट्रेलर लिटरला ३ किमीचा एव्हरेज देत असेल, तर तो किलोमीटरला तीन युनिटांहून जास्त ऊर्जा जाळतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता होऊन सायलेन्सर-रेडिएटरवाटे निघून जाते. विजेचा ट्रेलर तेच काम दीडेक युनिटात करतो. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर किलोमीटरला ३० रुपये पडतात. वीज युनिटला ८ रुपयांनी मिळाली तर १२, आणि खासगी चार्जिंग केंद्रावर १२ रुपये मोजावे लागले तर १८ रुपये. म्हणजे सगळा नफातोटा वीज कुठे आणि कोणत्या दराने भरली यावर ठरतो. बॅटरीच्या जाहिरातीत हे वाक्य सहसा छापत नाहीत.

घाट : इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मानपूर ओलांडले की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता विंध्याची कड उतरून निमाडात, नर्मदेवरच्या खलघाटला येतो. उतरण जवळपास ४०० मीटरची. या टप्प्यातला गणपती घाट ट्रकवाल्यांत बदनाम आहे. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, मग ब्रेक दाबत राहायचे, लायनर तापून ब्रेक लागेनासा व्हायचा आणि पुढच्या गाड्या चिरडल्या जायच्या. इतके अपघात झाले की शेवटी तिथे पर्यायी रस्ता काढावा लागला.

विजेच्या ट्रकचे वागणे इथे मुळातच वेगळे असते. उतारावर मोटर उलटे काम करते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि त्या ओढीने गाडी आवरली जाते. ५५ टनांचे वजन ४०० मीटर खाली आणताना सुमारे ६० युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षण, हवा आणि यंत्रातली गळती वजा जाता निम्मी बॅटरीत परतली, तरी ते वीस किलोमीटरचे भाडे झाले. चालकाला न्यूट्रल करण्याचा मोह उरत नाही, कारण उतारावर आता गिअरमध्ये राहण्यातच बचत आहे. गणपती घाटापुरते बोलायचे तर माझ्या मते विजेच्या ट्रकचा सर्वांत मोठा फायदा धूर नसणे हा नसून हा आहे. हवेचे ब्रेक अर्थात असतातच. फक्त त्यांच्यावरचा भार हलका होतो.

मात्र यात एक मेख आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरची ओढ बंद पडते. म्हणून घाटमाथ्यावर, मानपुरात, चार्जिंग केंद्र काढणे हे नकाशावर सोयीचे दिसले तरी उतरणाऱ्या गाड्यांच्या दृष्टीने चुकीचे. इंदुरात किंवा पीथमपुरात भरलेली गाडी घाटापर्यंत पोचेतो पुरेशी रिकामी होते. इगतपुरी आणि कसारा घाटाचेही तसेच. तिथेही भरायचे ते नाशकात.

पल्ला आणि थांबे : भारतात ५५ टनी विजेच्या ट्रेलरवर २८२ युनिटांची बॅटरी पाहायला मिळते. वापरण्याजोगी वीज २३० युनिट धरली, तर भरल्या गाडीला दीडशे किलोमीटर मिळतात. त्या हिशेबाने मुंबईकडे उतरताना सेंधवा, मालेगाव आणि नाशिक असे तीन थांबे पडतात. परतीला मात्र तेच थांबे पुरत नाहीत. सेंधव्याहून इंदूर दीडशे किलोमीटरच आहे, पण शेवटी पठारावर चढायला ६० युनिट वेगळे लागतात. म्हणून परतीची गाडी घाटाच्या पायथ्याशी, खलघाट किंवा धामनोदला, आणखी एकदा थांबवावी लागेल. परत येताना भाडे मिळाले नाही आणि गाडी रिकामी असली, तर हा थांबा टळतो. पण रिकामी गाडी परवडते कुणाला?

मोठी बॅटरी हा दुसरा उपाय. मर्सिडीज-बेंझच्या ईअ‍ॅक्ट्रोस ६०० या ट्रकमध्ये ६०० युनिटांहून मोठा संच असून कंपनी ५०० किमीचा पल्ला सांगते. टेस्लाने २०१७ मध्ये दाखवलेला सेमी ट्रक पहिल्या ग्राहकाला डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला. पण बॅटरी मोठी केली की वजनही वाढते. ५०० युनिटांचा संच साडेतीन-चार टनांचा असतो. डिझेल इंजिन, टाकी, गिअरबॉक्स यांचे वजन वाचते, तरी काही टन माल कमी होतोच. युरोपात यासाठी अशा ट्रकना २ टनांपर्यंत जास्त वजनाची मुभा दिली आहे. पीथमपूरच्या औषधांना याचा फारसा फटका बसत नाही. खोकी हलकी असतात आणि वजनाआधी जागा भरते. सोयाबीन पेंडवाल्याला मात्र टनामागे भाडे मिळते. त्याचा प्रत्येक कमी टन खिशातून जातो.

चार्जिंग : २४० किलोवॉटच्या यंत्रावर २३० युनिट भरायला तास-सव्वा तास लागतो. बॅटरी भरत आली की वेग कमी होतो, म्हणून प्रत्यक्षात दीड तास धरावा. जड वाहनांसाठी आखलेल्या मेगावॉट चार्जिंग पद्धतीचा जोडक (प्लग) २०२२ मध्ये ओस्लो येथे जाहीर झाला. कागदावर त्याची क्षमता ३.७५ मेगावॉटपर्यंत जाते. दहा गाड्या एकाच वेळी २४० किलोवॉटने भरायच्या, तर ढाब्यामागच्या जागेत २.४ मेगावॉटची जोडणी लागते. ती साध्या खांबावरून मिळत नाही. उच्चदाबाची स्वतंत्र वाहिनी आणि उपकेंद्र लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गावर दर १०० किमीला जड वाहनांसाठी केंद्र असावे असे म्हटले आहे.

तीन थांब्यांचे साडेचार तास वाया जातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. डिझेलचा ट्रकही थांबतोच: जेवणाला, झोपेला, गोदामाच्या फाटकावर माल उतरायची वाट पाहत, ठाणे-भिवंडीच्या हद्दीवर जड वाहनांची प्रवेशबंदी उठेपर्यंत. अडचण अशी की यातल्या बहुतेक ठिकाणी वीज नाही. हॉल्टिंगच्या, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या, पैशांवरून व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाला यांच्यात जो वेळ भांडणात जातो, त्याच वेळात गाडी भरता आली, तर निम्मा प्रश्न सुटतो.

चीनने तिसरी वाट धरली. तिथे केबिनमागचा संच क्रेनने उचलून काही मिनिटांत दुसरा बसवतात. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या विद्युत व अन्य नव्या इंधनाच्या जड ट्रकची संख्या ८० हजारांवर गेली. खाण ते कारखाना अशा ठरलेल्या फेऱ्यांवर ही पद्धत चांगली चालते. नाना कंपन्यांच्या गाड्या असलेल्या एबी रोडवर आधी सगळ्यांचा संच एकाच मापाचा करावा लागेल.

मालकाचे गणित : विजेचा घोडा डिझेलच्या दुपटी-तिपटीने महाग पडतो. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी रुपये राखले असून जुलै २०२५ च्या सूचनांनुसार एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये मिळतात. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला द्यावा लागतो. बॅटरीला ५ वर्षे किंवा ५ लाख किमीची हमी बंधनकारक आहे. महिन्याला १० हजार किमी धावणारी गाडी ही मर्यादा सव्वाचार वर्षांतच ओलांडते, आणि त्यानंतर तिला बाजारात काय किंमत येईल हे ना मालकाला सांगता येते, ना फायनान्सवाल्याला. देशातले बहुसंख्य ट्रक हे एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्यांच्यासाठी हप्त्याची ही धास्ती पल्ल्याच्या प्रश्नाहून मोठी आहे. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, म्हणजे विजेवरच्या व्यावसायिक, वाहनाला परमिट लागत नाही, ही २०१८ पासूनची सवलत त्यामानाने किरकोळ.

इंदूर परिसर : पीथमपुरात १९८६ पासून आयशरचे ट्रक बनतात, २००८ मध्ये त्यात व्होल्वोची भागीदारी आली. तिथल्याच राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रातली ११.३ किमीची अतिवेग धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. सुमारे एक हजार एकरांच्या या केंद्रापासून विंध्याचा घाट तासाभराच्या अंतरावर आहे.

इंदूर–मनमाड लोहमार्गाची वाट इथल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किमीच्या या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो झाला की पेंडीसारखा जड माल रेल्वेने जाईल आणि ट्रककडे कारखाना ते यार्ड अशा पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्या उरतील. त्या फेऱ्यांना २८२ युनिटांची बॅटरी आजच पुरते.