जावा नकाशा सॉफ्टवेअरचे लिनक्स पॅकेजिंग

जावात लिहिलेले नकाशांचे सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून नव्याने बिल्ड करून, डेबियनसारख्या लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार वितरणाच्या) नियमांत बसेल अशा पॅकेजच्या रूपात देण्याचे काम. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा संपादक जेओएसएम, त्याच नकाशाच्या डेटावर प्रक्रिया करणारे ऑस्मोसिस आणि गार्मिन उपकरणांसाठी नकाशे तयार करणारे एमकेजीमॅप ही नेहमीची उदाहरणे. डेबियनमध्ये ही पॅकेजे डेबियन जीआयएस गटाकडे आहेत.

सुरुवातीची अडचण परवान्याची होती. प्रोग्रॅम मुक्त असला तरी तो चालवायला सन कंपनीची बंदिस्त जावा लागत असेल, तर त्याची जागा डेबियनच्या मुख्य विभागात नसे. त्याला ‘कॉन्ट्रिब’ विभागात जावे लागे. २००६ साली सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणण्याचे जाहीर केले, २००७ मध्ये ओपनजेडीके ही मुक्त जावा आली आणि ही अडचण सरली.

खरी डोकेदुखी जार फायलींची, म्हणजे जावाचा तयार कोड एकत्र बांधलेल्या फायलींची. जावाचे प्रोग्रॅमर सगळ्या लायब्रऱ्या पोटात घेतलेली एकच जार फाइल देतात. वापरणाऱ्याला ते सोयीचे असते, पण डिस्ट्रोला चालत नाही: एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली, तर तिच्या प्रती किती जारमध्ये दडल्या आहेत हे कोण शोधणार? म्हणून तयार जार सोर्समधून काढून टाकल्या जातात आणि आवृत्तीच्या क्रमांकाच्या शेवटी ‘+डीएफएसजी’ (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांचे लघुरूप) असा शेरा लागतो. छायाचित्रातले जीपीएस स्थान वाचणारी मेटाडेटा-एक्स्ट्रॅक्टर, नकाशाच्या टाइल्स (चौकोनी तुकडे) दाखवणारी जेमॅपव्ह्यूअर अशा लायब्रऱ्यांची स्वतंत्र पॅकेजे असतात. त्यांच्या जार ‘/यूएसआर/शेअर/जावा’ या डिरेक्टरीत बसतात आणि प्रोग्रॅम त्या तिथूनच उचलतो.

यात भर म्हणजे पॅकेज बिल्ड होताना इंटरनेट वापरता येत नाही. मेव्हन, आयव्ही आणि ग्रॅडल ही जावाची बिल्ड करण्याची साधने तर लागेल ते नेटवरून ओढून आणणारी. पॅच आणि मदतनीस स्क्रिप्ट लावून त्यांना स्थानिक डिरेक्टरीकडे वळवावे लागते. ग्रॅडलची कथा तर आणखी गुंत्याची. डेबियन कित्येक वर्षे ४.४.१ या आवृत्तीवर अडकून राहिले, कारण पुढच्या ग्रॅडलला कोटलिन ही प्रोग्रॅमिंग भाषा लागते आणि कोटलिन बिल्ड करायला आधीचे कोटलिन हाताशी असावे लागते.

आवृत्तीच्या क्रमांकातही मेंटेनरची, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याची, दूरदृष्टी दिसते. जेओएसएमची आवृत्ती म्हणजे त्याच्या सबव्हर्जन भांडाराचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जागेचा) रिव्हिजन क्रमांक, पाच आकडी. तो जसाच्या तसा घेतला आणि उद्या मूळ प्रकल्पाने १.० पासून क्रमांक द्यायला सुरुवात केली, तर पॅकेज मॅनेजर नवी आवृत्ती जुनी समजेल. म्हणून डेबियन त्याच्या आधी ‘०.०.एसव्हीएन’ जोडते. दिसायला ओंगळ, पण शहाणपणाचे.

प्लगिनांपुढे (जेओएसएमला जोडता येणाऱ्या जादा सोयींपुढे) मात्र डेबियनने हात टेकले. पूर्वी त्यांचेही पॅकेज होते, ते पुढे काढून टाकले गेले. आता जेओएसएम स्वतःच प्लगिन उतरवून वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत ठेवते, म्हणजे डिस्ट्रोच्या शिस्तीबाहेर.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तोवर तिच्यातली पॅकेजे सहसा बदलत नाहीत. जेओएसएमच्या नव्या आवृत्त्या त्याहून कितीतरी वेगाने निघतात. त्यामुळे नियमित नकाशे काढणारे बरेच जण बॅकपोर्ट्स (स्थिर आवृत्तीसाठी बिल्ड केलेली नवी पॅकेजे) वापरतात किंवा जेओएसएम प्रकल्पाचेच एपीटी भांडार (पॅकेजे उतरवण्याची जागा) जोडून घेतात.