अ‍ॅडम गुड्स

अ‍ॅडम गुड्स (जन्म ८ जानेवारी १९८०) हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा निवृत्त व्यावसायिक खेळाडू. १९९९ ते २०१५ या काळात सिडनी स्वान्स या एकाच संघाकडून तो ३७२ सामने खेळला आणि त्याने ४६४ गोल केले. ब्राउनलो पदक हा या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक मान. तो त्याला दोनदा मिळाला, २००३ आणि २००६ मध्ये. पहिल्या वेळी तो प्रामुख्याने ‘रक’ म्हणून, म्हणजे पंचाने उडवलेला चेंडू हवेत थापटणारा म्हणून, खेळत होता, दुसऱ्या वेळी मधल्या फळीत. पदके दोन असलेले खेळाडू आणखीही आहेत. एवढ्या वेगळ्या दोन कामांसाठी ती मिळवणे मात्र फार दुर्मिळ आहे.

खेळ आणि त्यातल्या जागा

गुड्सने काय केले हे कळायला खेळाची थोडी ओळख हवी. ‘फूटी’ हे त्याचे घरगुती नाव. तो लंबवर्तुळाकार मैदानावर, बहुतेक वेळा क्रिकेटच्याच मैदानांवर, खेळतात. आपल्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे माहीत असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच या खेळाचेही मुख्य ठिकाण. एका संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोघांतून चेंडू मारला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे १ गुण. त्यामुळे धावफलकावर ८.१० (५८) असे आकडे दिसतात: ८ गोल, १० बिहाइंड, एकूण ५८ गुण.

ऑफसाइडचा नियम या खेळात नाही. बचाव करणारा थेट समोरच्या गोलपर्यंत धावत गेला तरी त्याला कुणी अडवत नाही. तरीही जागा ठरलेल्या असतात, कारण प्रत्येक जागेला वेगळे शरीर लागते. गोलजवळच्या आक्रमकाला उंच उडी मारून हवेतच चेंडू झेलता आला पाहिजे. या झेलाला ‘मार्क’ म्हणतात आणि तो घेतला की निवांत किक मारायला मिळते. मधल्या फळीतला खेळाडू सामन्याच्या चारही पावांत, म्हणजे चारही भागांत, मैदानभर पळतो, गर्दीत घुसून जमिनीवरचा चेंडू उचलतो.

‘रक’ची गोष्ट आणखी वेगळी. गुड्सच्या काळात पंच चेंडू मैदानाच्या मध्यावर आपटून उंच उडवत असे आणि दोन्ही संघांचे रक एकमेकांवर झेपावत तो आपल्या माणसांकडे थापटत. हे काम संघातल्या सर्वांत उंच माणसाचे. दोन मीटरचे रक सर्रास आढळतात. गुड्स १९० सेंटिमीटरहून थोडासाच उंच. रकसाठी तो बुटका होता आणि मधल्या फळीच्या मानाने अवाढव्य. हे जागा बदलणे त्याच्या पथ्यावर पडले ते नेमके या अधल्यामधल्या बांध्यामुळे, असे म्हणायला हरकत नाही.

बालपण आणि निवड

त्याचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील वॉलरू या गावचा. आई अद्न्यामथन्हा आणि नारुंगा या मूलनिवासी समाजांतली. सरकारी धोरणानुसार ज्या मूलनिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून नेण्यात आले, त्यांना ऑस्ट्रेलियात ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. त्याची आई त्यांपैकीच एक. मुलगा लहानपणी सॉकर खेळत असे. कुटुंब व्हिक्टोरिया राज्यात आल्यावर तो फूटीकडे वळला आणि हॉर्शममध्ये त्याचा खेळ बहरला. नॉर्थ बॅलरॅट रेबल्स या कनिष्ठ संघातून खेळताना निवड करणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि १९९७ च्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, सिडनीने त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतले. ४३ वा म्हणजे फारशा अपेक्षा नसलेला. १९९९ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात त्याने सर्वोत्तम नवोदिताचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार पटकावला. पाठीवरचा ३७ हा क्रमांक त्याने शेवटपर्यंत बदलला नाही.

रक म्हणून

सुरुवातीची वर्षे तो मुख्यतः आक्रमणात खेळला. २००२ च्या मध्यावर पॉल रूस सिडनीचे प्रशिक्षक झाले. रूस यांनी त्याच्यावर रकची जबाबदारी टाकली. उंचीत कमी पडणारा रक काय करतो? उडीत हरला तरी जमिनीवर आल्यावर तो जिंकतो. चेंडू थापटून झाल्यावर अवजड प्रतिस्पर्धी हाशहुश करत राहायचा आणि गुड्स तोवर पुढच्या चेंडूपाशी पोहोचलेला असायचा. संघाला एका माणसात रक आणि मधल्या फळीतला जादा खेळाडू असे दोघे मिळाले.

२००३ चे ब्राउनलो पदक तिघांत वाटले गेले. कॉलिंगवूडचा नेथन बकली, अ‍ॅडलेडचा मार्क रिचुटो आणि गुड्स, तिघांनाही २२ मते. ही मते पंच देतात. प्रत्येक सामन्यानंतर त्यांना उत्तम वाटलेल्या तिघांना ३, २ आणि १. पंच चेंडूच्या आसपास असतात, म्हणून चेंडूभोवती घोटाळणाऱ्या मधल्या फळीला हे पदक झुकते माप देते, ही तक्रार जुनी आणि बरीचशी खरी आहे. रकने ते जिंकणे म्हणूनच मोठे.

पण रकचे काम शरीर झिजवते. लांबून धावत येऊन दोघे हवेत आदळतात तेव्हा गुडघा गुडघ्यावर बसतो आणि गुडघ्यातला मागचा अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘पीसीएल’ म्हणतात, दुखावतो. अशा इजा इतक्या वाढल्या की २००५ पासून मध्यावर १० मीटर व्यासाचे वर्तुळ आखून रकच्या धावेला लगाम घालण्यात आला. त्याच वर्षी मेलबर्न संघातून डॅरेन जॉली हा धिप्पाड रक सिडनीत आला. जेसन बॉल हा रकही संघात होताच. गुड्सला त्या वर्तुळात झोकून देण्याची गरज उरली नाही.

मात्र त्याची नवी जागा कोणती, हे लगेच ठरले नाही. कधी आक्रमण, कधी बचाव, अडले तर पुन्हा रक. अष्टपैलू खेळाडूची अडचण अशी की संघातली प्रत्येक फट त्यालाच बुजवावी लागते. २००५ च्या अंतिम सामन्यात सिडनीने वेस्ट कोस्ट ईगल्सना ५८–५४ असे हरवले. सिडनी स्वान्स हा क्लब १९८२ मध्ये मेलबर्नमधून सिडनीला हलला. त्याआधीचे त्याचे नाव साउथ मेलबर्न. त्याचे शेवटचे विजेतेपद १९३३ चे होते. ७२ वर्षांनी आलेल्या या यशात गुड्स होता.

मधल्या फळीत

२००६ मध्ये रूस यांनी त्याला मधल्या फळीत उतरवले आणि प्रश्न मिटला; निदान सिडनीपुरता. प्रतिस्पर्ध्यांपुढे प्रश्न नव्याने उभा राहिला. याच्यावर लक्ष ठेवायला माणूस कोणता द्यायचा? चपळ आणि बुटका दिला तर गुड्स त्याच्या डोक्यावरून मार्क घेई. उंच दिला तर तो गुड्सच्या वेगाने दमून जाई. त्या वर्षी २६ मते घेऊन त्याने ब्राउनलो पदक एकट्याने जिंकले. मते आणि निकाल बाजूला ठेवले तरी, माझ्या मते, त्याच्या कारकिर्दीचा खरा माथा हाच हंगाम. २००३ मध्ये त्याने रकचे काम वेगळ्या पद्धतीने केले. २००६ मध्ये मधल्या फळीत कुणाला उभे करता येते याची समजूतच त्याने ताणली. आज जवळपास प्रत्येक संघ मधल्या फळीसाठी उंच, बलदंड आणि तरीही पळणारा खेळाडू शोधतो. तो एकट्या गुड्सचा परिणाम म्हणता येणार नाही, पण त्याच्याकडे पाहून अनेकांना हे शक्य वाटले. अंतिम सामन्यात मात्र वेस्ट कोस्टने एका गुणाने उट्टे काढले, ८५–८४.

पुन्हा गोलजवळ

वय वाढले तसा तो पुन्हा पुढे सरकला. २००९ च्या हंगामात मध्येच बॅरी हॉल हा प्रमुख गोलमारा क्लब सोडून गेला आणि ती पोकळीही गुड्सच्याच वाट्याला आली. २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षे संघासाठी सर्वाधिक गोल त्याचे होते. २००९ ते २०१२ तो सहकर्णधारही होता. लीगच्या, म्हणजे या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, वर्षातील सर्वोत्तम संघात त्याची चार वेळा निवड झाली: २००३, २००६, २००९ आणि २०११. या चार वर्षांतला त्याचा खेळ पाहिला तर ती चार वेगळ्या माणसांची निवड वाटावी.

२०१२ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा पीसीएल दुखावला. रक म्हणून झेपावतानाची जी इजा टळावी म्हणून नियम बदलला, तिने त्याला कारकिर्दीच्या उतारावर असे गाठले. तो बाहेर बसला नाही. धावता येत नव्हते, म्हणून तो आक्रमणातच राहिला आणि शेवटच्या पावात त्याने मोक्याचा गोल केला. सिडनी ९१–८१ ने जिंकली.

मैदानाबाहेरचे आणि मैदानातलेही

मे २०१३ मध्ये मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवूडविरुद्ध खेळताना प्रेक्षकांतून त्याला ‘माकड’ म्हणून हिणवले गेले. त्याने तिथल्या तिथे बोट दाखवले. बोलणारी १३ वर्षांची मुलगी निघाली, तेव्हा दोष तिला देऊ नका, तिला समजून घ्या, असे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले. वंशभेदाविरुद्ध आणि मूलनिवासींसाठी केलेल्या कामाबद्दल २०१४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान त्याला देण्यात आला. त्यानंतर प्रतिस्पर्धी प्रेक्षकांकडून त्याची हुर्यो उडवणे वाढत गेले. मे २०१५ मध्ये मूलनिवासी खेळाडूंच्या गौरवाच्या फेरीत गोल केल्यावर त्याने प्रेक्षकांपुढे युद्धनृत्याची काही पावले टाकली आणि वाद पेटला. जुलैअखेर पर्थमधल्या सामन्यानंतर तो काही दिवस खेळापासून दूर राहिला. सप्टेंबरमध्ये संघ उपांत्यपूर्व टप्प्यावर हरला त्याच दिवशी त्याने निवृत्ती घेतली. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडू मैदानाला फेरी मारतात, तो मानही त्याने नाकारला.

त्याचा खेळ आवडत नाही म्हणून ओरडतो, असे तेव्हा अनेक प्रेक्षक म्हणत. आठवड्यामागून आठवडा, मैदानामागून मैदान एकाच माणसाला हे का ऐकावे लागले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. २०१९ मध्ये लीगने आणि क्लबांनी, आपण त्याच्या पाठीशी वेळेवर उभे राहिलो नाही, अशी जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये लीगच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये येण्याचे निमंत्रण त्याने स्वीकारले नाही. माजी सहखेळाडू मायकेल ओ’लॉक्लिन याच्यासह २००९ मध्ये सुरू केलेली गो फाउंडेशन ही संस्था मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते.

गुड्सचे ३७२ सामने हा त्या वेळी मूलनिवासी खेळाडूंमधला विक्रम होता. तो पुढे शॉन बर्गोइनने मोडला आणि एकूण ४०७ सामन्यांवर नेला. बर्गोइनही मधल्या फळीतून निघून उत्तरार्धात बचावाच्या फळीत स्थिरावलेला खेळाडू.