पिशवी काढण्याआधी

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि ती फेडायचीही कोयत्यानेच. दोघांपैकी एकजण एक दिवस खोपीत बसला तरी खाडा पडतो आणि मुकादम दंड लावतो. पाळीच्या दिवशी ओटीपोट धरून बसायची सोय या हिशेबात नाही. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातला आकडा समोर आला. माहिती घेतलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळपास सहाजणींत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के होतं.

या बायकांनी दवाखान्यात काय सांगितलं असेल? अंगावरून फार जातं, पांढरं जातं, कंबर आणि ओटीपोट दुखतं. उत्तर मिळालं की पिशवी सुजलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. शहरातल्या मुलीला हीच तक्रार केल्यावर वेगळं उत्तर मिळतं: सगळ्यांनाच दुखतं, लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की थांबेल. ही दोन उत्तरं एकमेकांच्या उलट वाटतात, पण दोन्हींत मधलं काहीच नाही. एकतर सोस, नाहीतर काढून टाक. या दोन टोकांच्या मध्ये गेल्या साठ वर्षांत औषधांची एक चांगली फळी उभी राहिली आहे, आणि तिची माहिती ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत ती फार कमी पोचली आहे.

आधी प्रश्न असा, की 'फार जातं' म्हणजे किती? याचं मोजमाप स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात झालं. लेइफ हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७६ बायकांकडून पाळीतले वापरलेले पॅड गोळा केले, ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवले आणि उतरलेल्या रंगावरून रक्त मोजलं. काम किळसवाणं वाटेल, पण त्याआधी सगळा अंदाजपंचे कारभार होता. १९६६ साली निष्कर्ष छापून आले: एका पाळीत सरासरी ४० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं की बाई रक्तक्षयाकडे झुकते. ८० मिलिलिटर म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. एवढंसं वाटतं, पण त्यातून तीस-पस्तीस मिलिग्रॅम लोह जातं आणि आतडी दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतात. महिनाभर जमवलेलं चार दिवसांत वाहून जातं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने पछाडलेल्या आहेत, हा २०१९-२१ च्या पाहणीतला आकडा. त्याचं खापर आपण पालेभाजी न खाण्यावर फोडतो. पाळीत किती जातं, हे विचारायचं राहूनच जातं.

दवाखान्यात अर्थातच कोणी कॉस्टिक सोडा घेऊन बसत नाही. तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, रात्री त्यासाठी उठावं लागणं, एकावर एक दोन पॅड लावणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांच्या पुढे पाळी चालणं, यांतलं काहीही दर महिन्याला होत असेल तर ते जास्त आहे. कापड वापरणाऱ्या बाईला 'दिवसाला किती पॅड' हा प्रश्न निरुपयोगी. तिला विचारावं की कामावर असताना मागे डाग पडेल या धास्तीने किती वेळा आडोसा शोधावा लागतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर मिलिलिटर बाजूलाच ठेवले आहेत. रक्तस्रावामुळे रोजचं जगणं अडत असेल, तर तो जास्त आणि उपचार करण्याजोगा, अशी त्यांची व्याख्या आहे. मला ती जास्त पटते.

आता आत काय घडतं ते बघू. त्या महिन्यात गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने घसरतं. त्याच्या आधारावर उभं असलेलं गर्भाशयाचं अस्तर सुटू लागतं आणि अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतात. त्यांच्या हुकमावरून गर्भाशयाचा स्नायू आवळतो, कळ येते. कळ इतकी जोरात येऊ शकते की आवळलेल्या स्नायूला स्वतःलाच रक्त मिळेनासं होतं. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत दुखतं, तसाच हा प्रकार, फक्त जागा वेगळी. हीच रसायनं शेजारच्या आतड्यांपर्यंत पोचली की पहिल्या दिवशी जुलाब आणि मळमळ होते. नाटक करते, असं जिच्याबद्दल बोललं जातं तिच्या शरीरात ही रसायनं खरोखर जास्त असतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

म्हणून पहिलं औषध प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ न देणारं. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही त्यातली नावं. दुखणं कमी होतं आणि रक्तस्रावही बऱ्यापैकी आटोक्यात येतो. पण आपल्याकडे गोळी घेण्याची रीत उलटी आहे. अगदीच सहन होईना की मेडिकलवाल्याकडून एक गोळी आणायची. तोवर रसायनं तयार होऊन आपलं काम करून गेलेली असतात. पाळी यायच्या आदल्या दिवशी किंवा पहिला डाग दिसताच सुरू करून, दोन-तीन दिवस ठरल्या वेळी, पोटात अन्न असताना घेतली तर तीच गोळी कितीतरी जास्त काम करते. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल इशाराही दिला होता. गोळी घेतल्यावर ताप, पुरळ, गाठी सुजणं असं दिसलं तर ती लगेच थांबवून दवाखाना गाठावा. आणि गरम पाण्याची पिशवी ही आजीबाईंची समजूत नाही. तिची चाचणी झाली आहे आणि ती उतरली आहे.

दुसरं औषध गुठळीशी संबंधित आहे. जखमेवर रक्त गोठतं आणि पुढे शरीरच ती गुठळी विरघळवतं. पाळीत गर्भाशय हे विरघळवण्याचं काम मुद्दाम वाढवतं, म्हणजे रक्त आत साठून राहत नाही. काहींमध्ये ते प्रमाणाबाहेर जातं, गुठळी धरायच्या आत सुटते आणि धार लागते. हे थांबवणारं औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो यांनी, पती शोसुके यांच्याबरोबर. युद्धानंतरचा काळ, प्रयोगशाळेत साधनांची वानवा. पाठीवर तान्ही लेक बांधून त्या काम करायच्या. त्यांच्या मनात होत्या त्या बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका. १९६२ साली ट्रानेक्झॅमिक ॲसिड जगासमोर आलं, पण प्रसूतितज्ज्ञांना त्यात रस वाटला नाही. २०,०६० बाळंतिणींवरच्या मोठ्या चाचणीने २०१७ साली त्यांचं म्हणणं खरं ठरवलं, तेव्हा ओकामोतो वर्षभरापूर्वीच, ९८ व्या वर्षी, गेल्या होत्या. पाळीत मात्र हे औषध त्याच्या खूप आधीपासून वापरात आहे. ते फक्त जास्त जाणाऱ्या तीन-चार दिवसांपुरतं घ्यायचं, संप्रेरकांशी त्याचा संबंध नाही आणि रक्तस्राव साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने उतरतो. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल तर हे चालत नाही.

यानंतर येतात संप्रेरकांची औषधं, आणि इथे गैरसमज जास्त. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आपल्या घराघरांत बिनदिक्कत घेतल्या जातात, डॉक्टरांना न विचारता. त्याच घरात डॉक्टरांनी रक्तस्रावासाठी तीच गोळी एकवीस दिवस लिहून दिली, की 'हार्मोनच्या गोळ्या नकोत गं बाई' सुरू होतं! गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. अस्तर पातळ ठेवणं हाही त्यांचा एक परिणाम असल्याने रक्त आणि कळा दोन्ही कमी होतात, लग्न झालेलं असो वा नसो. ज्यांना अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक येते, रक्तदाब जास्त आहे किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान सुटलेलं नाही, त्यांना इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्या देत नाहीत.

आपल्या देशाचं असं एक औषधही या यादीत आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्य आनंद यांच्या पुढाकाराने सेंटक्रोमन हे गर्भनिरोधक तयार झालं आणि १९९१ साली 'सहेली' या नावाने बाजारात आलं. सरकारी दवाखान्यात तेच 'छाया' म्हणून फुकट मिळतं. ते स्टेरॉइड नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदाच. जास्त रक्तस्रावासाठी भारतात स्त्रीरोगतज्ज्ञ ते मोठ्या मात्रेत देतात. पाळी लांबते, त्यामुळे दिवस गेले की काय अशी धडकी भरते, हे आधी सांगितलेलं बरं.

या सगळ्यांत सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय मात्र 'तांबी' या शब्दात अडकून पडला आहे. तांबी म्हणजे कॉपर टी. तांब्याने रक्तस्राव आणि कळा बऱ्याचदा वाढतात, आणि हा अनुभव गावोगावच्या बायकांनी घेतलेला आहे. दिसायला तशीच इंग्रजी टी अक्षराची दुसरी वस्तू आहे, तिच्यावर तांबं नसतं. तिच्या दांड्यात लेवोनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक ५२ मिलिग्रॅम भरलेलं असतं आणि सुरुवातीला दिवसाला २० मायक्रोग्रॅम इतकंच झिरपतं, तेही थेट अस्तरावर. फिनलंडमध्ये तापानी लुक्काइनेन यांनी ती विकसित केली, १९९० साली तिथे तिला परवानगी मिळाली. रक्तस्राव ७० ते ९० टक्क्यांनी घटतो. ब्रिटनमध्ये ५७१ बायकांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर गोळ्यांपेक्षा हीच सरस ठरली. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग लागतात. बऱ्याचजणी तेवढ्यात कंटाळून काढून घेतात. एकदा बसवली की निदान पाच वर्षं काम करते, पण सुरुवातीची किंमत अंगावर येते. आणि 'तांबी बसवू या' असं कोणी म्हणालं की बाई जी मान हलवते ती नकारार्थीच. दोन उलट्या गुणांच्या वस्तूंना एकच नाव पडल्याने केवढं नुकसान होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अर्थात यातलं कोणतं कोणाला, ते कारणावर ठरतं. अस्तरात मस्सा आहे का, फायब्रॉइडची गाठ आत पोकळीत आलीय की बाहेरच्या अंगाला आहे, थायरॉइड बिघडलंय का, हे तपासावं लागतं. बाहेरच्या अंगाची लिंबाएवढी गाठ कित्येकदा निरुपद्रवी असते, पण सोनोग्राफीच्या कागदावर 'गाठ' हा शब्द दिसला की घरच्यांचा धीर सुटतो. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा काढून तपासणं मात्र टाळू नये. कॅन्सरची भीती घालण्यापेक्षा तो आहे की नाही ते पाहणं सोपं.

पहिल्या पाळीपासूनच धार लागणाऱ्या मुलींबद्दल थोडं अधिक. १९२४ साली फिनलंडच्या ऑलंड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आली. तिच्या घराण्यात खरचटलं तरी रक्त थांबत नसे. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९२६ साली एक नवा आनुवंशिक आजार नोंदवला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी गेली, तिच्या चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने. फॉन विलेब्रांड रोगाचे सौम्य प्रकार आजही दुर्मीळ नाहीत. दात काढल्यावर रक्त थांबलं नाही, नाकातून घोळणा फुटतो, आईचंही असंच होतं, असं ऐकलं की रक्ताची तपासणी करायला हवी. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा रक्तस्रावी आजारांचं निदान होतं.

दुखणं दरवर्षी वाढत चाललंय, पाळी संपल्यावरही राहतंय, संबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी खुपतंय, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार हवा. त्यात अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजलेल्या असतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे तो नाही, असं होत नाही, आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात ती या चुकीमुळेही.

गर्भाशय काढणं हा वाईट उपाय नाही. औषधं करून झाली, मूल नको आहे, गाठी मोठ्या आहेत आणि बाईने समजून-उमजून ठरवलं, तर पुढे ती सुटल्याचा श्वास घेते. फक्त त्याच्यासोबत बीजकोषही काढले का, हे विचारायलाच हवं. तिशीत बीजकोष गेले तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईची हाडं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली.

ऑपरेशनची तारीख हातात असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारता येतात: कारण नक्की काय सापडलं, आधी कोणतं औषध देऊन पाहिलं, बीजकोष ठेवणार का. औषधाला निदान तीन पाळ्यांची मुदत द्यावी लागते. तोवर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पाळीचे दिवस आणि पॅडची संख्या टिपून ठेवावी. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर नको. झुरिकमधल्या अभ्यासांत असंही दिसलं, की शरीरात लोह कमी असलेल्या बायकांमध्ये गोळी एक दिवसाआड घेतल्यावर दर गोळीमागे जास्त लोह शोषलं जातं. रोजच्या गोळीने पोट बिघडतं म्हणून ती सोडून दिलेल्या बायकांनी डॉक्टरांशी हे बोलून बघावं.