डोंगरातल्या मुक्कामी ट्रेकसाठी सॅक हलकी कशी भरावी

स्वतःचं सामान स्वतः वाहून चार-पाच दिवस चालणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

अन्न-पाणी धरून पाठीवरचं ओझं तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. ६० किलोच्या माणसाला १२ किलो ही शेवटची हद्द. १० किलोत भागलं तर उत्तम. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅम कागदावर लिहा. चारऐवजी दोन टी-शर्ट घेतले तर जेमतेम ३०० ग्रॅम वाचतात. अडीच किलोच्या सॅकऐवजी दीड किलोची घेतली तर एकदम किलोभर. म्हणून काटछाट सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तिघांपासून सुरू करा. तंबू दोघांत वाटून घ्या: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे काठ्या आणि खुंट्या.

स्लीपिंग बॅगवर बहुधा दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’चं बघा, ‘एक्स्ट्रीम’च्या थंडीत जीव तगतो, झोप लागत नाही. खाली फोमची मॅट हवीच. अंगाखाली बॅगेतलं भरण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमिनीची थंडी थेट पाठीला लागते. वजन वाचवायला मॅट काढू नका.

बडोद्यात थंडीची सवय नसते, त्यामुळे हिमालयात जाताना दोन-दोन जाड स्वेटर भरले जातात. त्यापेक्षा थर करा: आत सिंथेटिक किंवा लोकरी बनियन, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. मोजे तीन जोड. झोपताना घालायचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि दिवसा कितीही मोह झाला तरी उघडू नका.

कोरडं अन्न माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम पुरतं. शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, सातूचं पीठ, मेतकूट उत्तम. लिलो चेवडो ओलसर, जड आणि लवकर बिघडणारा. तो आगगाडीतच संपवा. गॅसचा डबा रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, तिकडे पोचल्यावर घ्या. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्य अंशाखाली जवळजवळ बंद पडतो, प्रोपेन मिसळलेला मागा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून पुढचा झरा कुठे आहे ते विचारूनच बाटल्या भरा. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, गारठ्यात तिची ताकद घटते.

भरताना आधी सॅकमध्ये मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, तिथून पाणी शिरतं. तळाला स्लीपिंग बॅग, मध्ये पाठीला चिकटून अन्न आणि भांडी, वर जॅकेट. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेल्या तर सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो.

घालताना सगळे पट्टे सैल करा. कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर टेकवून आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. बहुतेक भार कंबरेवर यायला हवा.

निघण्याआधी दोन-तीन आठवडे भरलेली सॅक घेऊन पावागढ पायी चढून या. खांदे दुखले किंवा कंबर घासली तर सॅक तशीच भरलेली दुकानात आणा. वजन करून पट्टे तुमच्या मापाला लावून देऊ.