तार जमिनीला टेकली, तरी मोटार चालूच

मोटारीच्या जमिनीला जोडलेल्या लोखंडी बॉडीला आतून एका फेजची तार टेकली, तर अर्थिंग केलेल्या यंत्रणेत लगेच फ्यूज उडतो किंवा ब्रेकर ट्रिप होतो. अनअर्थ्ड यंत्रणेत मात्र मोटार फिरतच राहते. दिवेही मंदावत नाहीत.

कारण सरळ आहे. इथे ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा सामाईक बिंदू, जमिनीला जोडलेलाच नसतो, त्यामुळे जमिनीत शिरलेल्या विजेला परतीची वाट नसते. अगदीच नसते असे नाही. प्रत्येक तार आणि जमीन मिळून विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून थोडा प्रवाह परततो. पण फ्यूज उडवायला तो पुरत नाही. शस्त्रक्रियागृहे, जहाजे आणि खाणींत ही रचना मुद्दाम वापरतात, कारण शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना वीज जाऊन चालत नाही.

हा पहिला दोष म्हणजे उधारी. 400 व्होल्टच्या यंत्रणेत प्रत्येक फेज आणि जमीन यांच्यात एरवी सुमारे 230 व्होल्ट असतात. एक फेज जमिनीला टेकला की त्याचा आकडा शून्य होतो आणि उरलेले दोन 400 वर चढतात. त्यांच्या इन्सुलेशनवर आता 1.73 पट ताण येतो. त्यात दोष ठिणग्या उडवणारा, लागून-सुटून येणारा असेल, तर केबलमध्ये अडकलेल्या विद्युतभारामुळे व्होल्टेज याहूनही वर उसळते. अशा ताणाखाली दुसऱ्या फेजचे इन्सुलेशन भलत्याच ठिकाणी फुटले, की जमिनीमार्फत थेट शॉर्ट सर्किट. ‘अर्थिंग नाही, म्हणजे शॉक नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे: पहिल्या दोषानंतर चांगल्या फेजला हात लागला, तर अंगावर 230 नव्हे, 400 व्होल्ट येतात.

दोष ओळखण्याचा जुना उपाय तीन दिव्यांचा. प्रत्येक फेज आणि जमीन यांच्यामध्ये एकेक दिवा. सगळे ठीक असेल तर तिन्ही सारखे पेटतात; एक विझला आणि दोन भडकले, तर विझलेल्याचा फेज जमिनीला टेकलेला. पद्धत स्वस्त आणि देखणी आहे, मला ती आवडतेही, पण ती पूर्ण टेकलेली तारच दाखवते. काही हजार ओहमची गळती दिव्यात दिसत नाही. तिन्ही फेजचे इन्सुलेशन सारखेच ओलसर झाले, तर दिवे शेवटपर्यंत सारखेच पेटतात. ओपन डेल्टा पद्धतीने, म्हणजे तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज मिळेल असे, जोडलेले व्होल्टेज मोजणारे ट्रान्सफॉर्मरही तिन्हींतला असमतोलच मोजतात, त्यामुळे ही दुसरी उणीव त्यांच्यातही राहते.

इन्सुलेशन मॉनिटर वाट पाहत बसत नाही. तो यंत्रणा आणि जमीन यांच्यामध्ये स्वतःचे छोटे डीसी व्होल्टेज किंवा संथ स्पंद सोडतो. असा संकेत तार आणि जमीन यांच्यातल्या कपॅसिटन्समधून टिकून वाहत नाही. ती भरली की जो प्रवाह उरतो, तो फक्त गळतीचा. त्यावरून इन्सुलेशनचा रोध कळतो, तिन्ही फेज एकदम खराब होत असले तरी. शस्त्रक्रियागृहात हा रोध 50 किलोओहमपर्यंत उतरायच्या आत इशारा मिळावा लागतो. यंत्रणा जितकी पसरलेली, तितकी कपॅसिटन्स मोठी आणि उत्तर उशिरा. एकमेकींशी जोडलेल्या यंत्रणेवर दोन मॉनिटर बसवले, तर ते एकमेकांनाच दोष समजतात.

दोष आहे हे कळले, पण कुठे? एकेक फीडर, म्हणजे वीज पुढे नेणारी शाखा, बंद करून पाहायचे, तर वीज जाऊ नये म्हणून केलेली रचनाच वाया. त्यापेक्षा प्रत्येक फीडरच्या सगळ्या तारांभोवती मिळून प्रवाह मोजणारा एक करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. जाणारा-येणारा लोड करंट त्यात शून्य होतो. तपासणीचा स्पंद मात्र दोष असलेल्या फीडरमधूनच जमिनीकडे जातो आणि तिथेच दिसतो.

सबस्टेशनच्या 110 किंवा 220 व्होल्ट डीसी बॅटरीत हा शोध लांबवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. ब्रेकर उघडण्याची वीज तिच्याकडूनच येते आणि तिचे दोन्ही ध्रुव अधांतरी, जमिनीला न जोडलेले असतात. दोष ओळखून ब्रेकरला आदेश देणाऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना अर्थ लागला, तर काही कारण नसताना ब्रेकर उघडू शकतो. ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलच्या दोन्ही बाजूंना लागला, तर खऱ्या दोषाच्या वेळी रिले काम करतो, पण प्रवाह कॉइल टाळून जातो, फ्यूज उडतो आणि ब्रेकर उघडतच नाही.