कोकण किनाऱ्यावरचं हरितगृह वायू संशोधन

कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे उष्णता धरून ठेवणारे वायू आज हवेत किती आहेत आणि लाखो वर्षांपूर्वी किती होते, याचा शोध घेणाऱ्यांसाठी कोकण किनारा (गोवा धरून) फार मोलाची जागा आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे इथला वारा. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडनं येणारी हवा विषुववृत्त ओलांडून, हजारो किलोमीटर नुसत्या समुद्रावरनं आलेली असते. दिवाळीनंतर वारा फिरतो आणि त्याच खडकावर देशावरची हवा येऊन पोचते, चुली, गाड्या, वीटभट्ट्या, कारखाने, शेतं सगळ्यांचं काही ना काही घेऊन. म्हणजे जागा न हलता सहा महिन्यांच्या अंतराने दर्याची हवा पण मोजता येते आणि माणसांची पण.

हेच ओळखून १९९३ साली दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यातल्या काब-द-राम इथे हवेचे नमुने घ्यायला सुरुवात झाली. खोला गावाजवळचा हा किल्ला, वनवासात रामाने इथे मुक्काम केला अशी आख्यायिका, खाली थेट समुद्र. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल) आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ यांनी मिळून हे काम केलं. पद्धत ऐकायला साधी आहे, काचेचा फ्लास्क, छोटा पंप, मधे ओलावा शोषून घेणारं रसायन भरलेली नळी (किनाऱ्यावरची दमट हवा तशीच भरली तर नमुना बिघडतो), हवा भरायची, तोटी घट्ट करायची आणि तो फ्लास्क ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. भारतातल्या हरितगृह वायूंच्या सगळ्यात जुन्या नोंदींमधली ही एक.

त्यातनं दिसलं ते असं, की पावसाळ्यात इथली हवा हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या हवेशी बरीच जुळते आणि हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड सगळेच वर चढतात. भातशेतीतनं मिथेन निघतो तो पाणी साचलेल्या खाचरांतनं, ऐन पावसाळ्यात, पण तेव्हा वारा समुद्राकडनं असतो म्हणून काब-द-रामला तो दिसत नाही, वारा फिरल्यावरच देशावरचा मिथेन इथवर येतो. एकाच ठिकाणचा आकडा वाचताना आधी वाऱ्याची दिशा विचारायची, हा धडा या केंद्राने नीट शिकवला. शिवाय कार्बनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याचे वजनाने हलके-जड प्रकार) प्रमाण पण मोजलं गेलं, कारण झाडांतनं आणि कोळसा-पेट्रोलमधनं आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ हा जड प्रकार कमी असतो, त्यामुळे हवेतला वाढीव कार्बन डायऑक्साइड समुद्रातनं आला की झाडं आणि जळणातनं, हे त्यावरनं ओळखता येतं. २००२ नंतर इथल्या नोंदीत खंड पडला, पुढे काही वर्षांनी परत नमुने घेतले गेले, पण मधल्या वर्षांची हवा आता कोणालाच परत आणता येणार नाही आणि ही हानी खरंच मोठी आहे. हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून जे मोजमाप चालू आहे त्याची सगळी किंमत ते सलग आहे यातच आहे. तिथे १९५८ साली कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) होता, आता ४२० च्या वर आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळ सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २००९ पासून असंच काम सुरू केलं.

माणसाने मोजायला लागण्याआधीची हवा मात्र बर्फात सापडते. अंटार्क्टिकात पडलेला बर्फ वरच्या थरांच्या वजनाने दाबला जातो आणि साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर त्यातल्या फटी बंद होऊन हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणजे फ्लास्कचं काम बर्फच करतो, फक्त त्याची तोटी बंद व्हायला खूप वर्षं लागतात, म्हणून बुडबुड्यातली हवा आजूबाजूच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. युरोपियन पथकाने अंटार्क्टिकातल्या डोम सी इथे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यांतनं ८ लाख वर्षांची नोंद मिळाली. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या मधेच वरखाली होत राहिला. बर्फाच्या नळकांड्यांवर काम करणारी भारताची प्रयोगशाळा पण याच किनाऱ्यावर आहे, वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात, बाहेर घामाने अंग चिकट होत असताना आत गोठवणाऱ्या थंडीत अंटार्क्टिकाचा बर्फ कापतात.

पण कोकणचं स्वतःचं म्हणावं असं संशोधन समुद्राखालचं आहे, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं (एनआयओ). पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोलातलं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं. त्याच वेळी घाटमाथ्यावरनं नद्या भरभरून येतात, ते गोडं पाणी हलकं, ते झाकणासारखं वर पसरतं आणि खालच्या पाण्याला हवा लागू देत नाही. वरच्या थरात शेवाळ वाढतं, मरून खाली जातं, ते कुजवताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मग तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात, आणि नायट्रेटपासून नायट्रोजनपर्यंतची ही वाट पुरी झाली नाही तर मधेच नायट्रस ऑक्साइड साठतो. भुलीसाठी वापरतात तोच वायू, पण हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. नायट्रेट पण संपलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्याच्या कांदोळीसमोर सुमारे २५ मीटर खोलीच्या जागी १९९७ पासून नियमित नमुने घेतले जातात, आणि सप्टेंबरात तळाच्या पाण्याची बाटली उघडली की कुजक्या अंड्याचा वास येऊ शकतो तो याचाच.

एनआयओचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत नायट्रस ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड इतके साठतात, की खुल्या किनारी समुद्रात तोवर इतकं प्रमाण कुठेच नोंदवलेलं नव्हतं. ऑक्सिजन संपलेल्या पाण्याचा हा पट्टा मुळात नैसर्गिक आहे, पण माणसामुळे, म्हणजे खतं आणि सांडपाण्यातनं, जास्तीचं नायट्रेट समुद्रात जाऊन तो तीव्र होत असावा असं त्यांचं म्हणणं. अरबी समुद्रात दूर भरसमुद्रातल्या तळाच्या गाळात तर याचा जुना इतिहासच आहे, नायट्रोजनच्या समस्थानिकांवरनं कळतं की हिमयुगात तिथली नायट्रेट वापरण्याची ही क्रिया मंदावायची आणि उबदार काळात जोर धरायची, आणि बर्फातल्या बुडबुड्यांतही नायट्रस ऑक्साइड हिमयुगात कमी, उबदार काळात जास्त असाच सापडतो.

नारळी पौर्णिमेला होड्या परत दर्यात जातात, आणि तळाजवळचा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तोही साधारण तेव्हापासनं ऑक्टोबरपर्यंत, तळाची मासळी अशा पाण्यात टिकत नाही, बाजूला सरकते. पुढे वारा फिरतो, किनाऱ्यालगतचा दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहायला लागतो, खालचं पाणी हटतं आणि डिसेंबरपर्यंत तळाला परत ऑक्सिजन पोचतो, त्याच दिवसांत वर काब-द-रामच्या कड्यावर देशावरची हवा येत असते.